जुने सुटे भाग, नवा दिवा: 'हे तर कोणालाही सुचले असते' या आक्षेपाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या दोन भागीदारांनी छोट्या विमानाच्या पुढच्या चाकाच्या स्ट्रटवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावर, बसणारा एलईडी लँडिंग लाइट बनवला आहे. एलईडी बोर्डाची उष्णता हीट पाइपने, म्हणजे उष्णता झटकन वाहून नेणाऱ्या बंद नळीने, काचेभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या कड्यात जाते, त्यामुळे काचेवर बर्फ धरत नाही. मागे नेहमीसारख्या फिन्स, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या, आहेत, पण बोर्ड आणि फिन्स यांच्यामध्ये मुद्दाम बारीक फट ठेवली आहे. बोर्ड ठरावीक तापमानाच्या वर गेला की एका डबीतले मेण वितळून फुगते, दट्ट्या सरकतो, फट मिटते आणि तेव्हा कुठे फिन्स कामाला लागतात.

पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात, म्हणजे एफईआरमध्ये, दोन जुने दस्तऐवज पुढे केले आहेत. डी१ हा विमानाचाच एलईडी लँडिंग लाइट, मागे फिन्स असलेला. डी२ हा मोटारीचा एलईडी हेडलॅम्प. त्यात पंखा एलईडीजवळची गरम हवा काचेवर सोडतो. मेणाचा स्विच 'सर्वज्ञात आहे' म्हणून एका वाक्यात निकालात काढला आहे. भागीदार विचारतात: सगळे सुटे भाग जुने आहेत हे आम्हालाही मान्य आहे, मग शोध सहज सुचण्यासारखा ठरतो का? आणि 'मोटार वेगळी, विमान वेगळे' व 'इतकी वर्षे हे कोणी केले नाही' या दोन मुद्द्यांवर उत्तर पाठवू का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: नाही, सुटे भाग जुने असल्याने शोध बुडत नाही. दुसऱ्याचे उत्तर: हे दोन मुद्दे पाठवू नका. अर्ज वाचवणारा मुद्दा तुमच्या दिव्यात आहे, पण तो या दोन्हींत नाही. तो त्या बारीक फटीत आहे. तिथवर कसे पोचायचे ते सविस्तर सांगतो, कारण हाच रस्ता प्रत्येक अर्जात चालावा लागतो.

आधी कायदा नेमके काय विचारतो ते पाहू. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या आहे. सध्याच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवे, किंवा दोन्ही. आणि त्यामुळे तो शोध त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा. यातले शेवटचे अर्धे वाक्य पुष्कळ अर्जदार वाचतच नाहीत. आमचा दिवा वीज वाचवतो, स्वस्त पडतो, बाजारात मागणी आहे, असे लिहून देतात. ते सगळे खरे असले तरी जाणकाराला सहज सुचले असते का, हा प्रश्न उरतोच, आणि तोच निर्णायक आहे.

'सहज सुचणे' आणि 'सोपे असणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची फट सोपी आहे, इतकी की कार्यशाळेतला मुलगा ती एका दुपारी करून देईल. पण फट करायला सांगितल्यावर करणे सोपे, आणि कोणी न सांगता ती करावीशी वाटणे अवघड, असे असू शकते. कायदा दुसऱ्या गोष्टीबद्दल विचारतो. तोही आजच्या दिवशी बसून नव्हे. तुमच्या अर्जाच्या प्राधान्य तारखेला, म्हणजे हा शोध पहिल्यांदा अर्जात मांडला त्या तारखेला, त्या दिवशीपर्यंत उपलब्ध असलेली माहिती समोर ठेवून आणि तुमचा अर्ज न वाचलेल्या माणसाच्या नजरेतून विचारतो. परीक्षकाने तुमचा अर्ज वाचलेला असतो. उत्तर कळल्यावर कोडे सोपे वाटते, तशीच ही पश्चातबुद्धी आहे. परीक्षक मुद्दाम तसे करत नाही. माणसाची बुद्धीच तशी चालते. म्हणून त्याला पायरीपायरीने मागे नेऊन त्या दिवशी उभे करणे, हे उत्तर लिहिणाऱ्याचे काम.

पायऱ्या कोणत्या, हे न्यायालयांनी आखून दिले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ साली रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात त्या मांडल्या: जाणकार कोण ते ठरवा, शोधाचा गाभा ओळखा, त्या तारखेला या जाणकाराला सर्वसाधारणपणे काय माहीत होते ते ठरवा, जुन्या दस्तऐवजांत आणि शोधात फरक कोणता ते काढा, आणि तो फरक त्याला सहज सुचला असता की त्यासाठी कल्पकता लागली असती ते ठरवा. इंग्लंडमध्ये १९८५च्या विंडसर्फिंग प्रकरणापासून साधारण हीच चौकट चालते. त्या प्रकरणात शिडाच्या फळीचे पेटंट रद्द झाले, आणि पुराव्यात पुढे आली ती एका बारा वर्षांच्या मुलाने १९५८ साली हौसेने बनवून समुद्रावर चालवलेली फळी. अमेरिकेत १९६६च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर निकालातले प्रश्नही असेच आहेत. म्हणजे देश बदलला तरी विचार करण्याची दिशा फारशी बदलत नाही, कडकपणा बदलतो.

आता तुमच्या दिव्याकडे. सर्वांत आधी क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी अर्जातली वाक्ये वाचा, दिवा नव्हे. तुमचा पहिला क्लेम म्हणतो: विमानाचा एलईडी दिवा, ज्यात एलईडीची उष्णता काचेकडे नेणारे साधन आहे. बस, एवढेच. मेणाचा स्विच सहाव्या क्लेममध्ये आहे आणि फटीचा उल्लेख फक्त वर्णनात आहे. पहिल्या क्लेमबद्दल परीक्षकाचे म्हणणे मला पटते. डी१चा दिवा आहे, काचेवर बर्फ धरतो ही अडचण आहे, आणि डी२ सांगतो की एलईडीची वाया जाणारी उष्णता काचेवर सोडा. या तिन्ही गोष्टी एकत्र आणायला फार मोठी कल्पकता लागत नाही.

इथे तुमचा पहिला बचाव येतो: मोटारीचे तंत्रज्ञान विमानाच्या इंजिनिअरने का पाहावे? त्याने पाहिले असते, असेच कोणताही अनुभवी अधिकारी म्हणेल. दोन्ही दिवे उघड्यावर असतात, दोन्हींत एलईडी आहेत, दोन्हींच्या काचेवर बर्फ धरतो आणि अडचणीचे कारणही एकच आहे. जुन्या हॅलोजन किंवा फिलामेंटच्या दिव्यातून प्रकाशासोबत इन्फ्रारेड किरण पुढे येत आणि काच आपोआप गरम राहत असे. मोठ्या विमानांच्या पार-६४ आकाराच्या लँडिंग लाइटमध्ये ६०० वॅटचे दिवे असत. त्यातला फार थोडा भाग प्रकाश होता, बाकी सगळी उष्णता. एलईडीत उष्णता पुढे येत नाही, मागे बोर्डात साठते. बर्फाळ अमेरिकी शहरांत रस्त्यावरचे सिग्नल एलईडीचे केल्यावर त्यांवर बर्फ चिकटून राहू लागला, तेव्हा ही गोष्ट सामान्य वाहनचालकांनाही कळली. अमेरिकी कायद्यात कसोटी अशी आहे की दस्तऐवज त्याच क्षेत्रातला असावा, किंवा त्याच अडचणीशी वाजवी संबंध असलेला असावा. डी२ दुसऱ्या कसोटीत बसतो. ही लढाई लढलात तर हराल, आणि हरताना अधिकाऱ्याचा तुमच्यावरचा विश्वासही कमी होईल.

या क्षेत्रातला जाणकार कोण, हेही नीट ठरवले पाहिजे. विमानाचा दिवा एकटा माणूस बनवत नाही. ऑप्टिक्सवाला असतो, थर्मलवाला असतो, आणि कंपन, तापमान, वीज पडणे, विद्युतचुंबकीय व्यत्यय अशा डीओ-१६० या विमान-उपकरणांच्या मानकातल्या चाचण्या तोंडपाठ असलेला प्रमाणनाचा माणूस असतो. म्हणून जाणकार म्हणजे इथे एक छोटी टीम. त्या टीमला नियमही माहीत आहेत असे धरले जाते. मोठ्या विमानांच्या अमेरिकी नियमांनुसार डाव्या पंखावर लाल आणि उजव्यावर हिरवा दिवा ११० अंशांत दिसला पाहिजे, मागचा पांढरा १४० अंशांत. टक्कर टाळणाऱ्या दिव्याने मिनिटाला ४० ते १०० वेळा लुकलुकले पाहिजे. क्लेममध्ये असे कोन किंवा आकडे घालून तो नवा करण्याचा प्रयत्न मी अनेक अर्जांत पाहिला आहे. जे नियमाने भाग पाडले आहे ते निवडण्यात शोध नसतो.

मग तुमचा दुसरा बचाव: इतकी वर्षे कोणी केले नाही. हा मुद्दा कधीकधी फार मोलाचा असतो, पण त्याचे वय मोजताना घड्याळ कधी सुरू करायचे हे लोक चुकतात. विमानाच्याच दिव्यांचे एक उदाहरण देतो. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या ७९७ क्रमांकाच्या डीसी-९ विमानात आग लागली. सिनसिनाटीला ते उतरले, पण ४६पैकी २३ जण दगावले. धूर वर चढतो, छताचे दिवे झाकून टाकतो, आणि माणसाला बाहेरचा दरवाजा दिसत नाही. त्यानंतर १९८४ साली अमेरिकेने नियम केला की बाहेर पडण्याची वाट जमिनीलगत दिसली पाहिजे. सुरुवातीला विजेच्या दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या गेल्या. वायरी तुटत, दिवे जात, दुरुस्तीला वेळ लागे. अंधारात चमकणारी, विजेशिवाय चालणारी पट्टी लावावी ही इच्छा तेव्हा असणारच. पण जुने झिंक सल्फाइडचे रंग लवकर मंद होत. १९९३ साली जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेले, कितीतरी जास्त वेळ चमकणारे रंगद्रव्य आणले.

आता समजा, त्यानंतर दोनतीन वर्षांत कोणी म्हणाले, 'विमानाच्या वाटेवर हे नवे रंगद्रव्य लावलेली पट्टी हा माझा शोध.' तो म्हणेल, १९८४पासून गरज होती आणि कोणी केले नाही. पण साधनच १९९३ला आले. घड्याळ तिथून सुरू होते. मग 'नवे रंगद्रव्य, जुनी जागा' एवढ्यात मला तरी शोध दिसत नाही. चमकणारा रंग जास्त टिकायला लागला तर तो जिथे चमक टिकायला हवी तिथे लावायचा, हे जाणकाराला सुचणारच. परंतु रात्रभर अंधारात उभ्या विमानात सकाळी पट्टी पुरेशी भारायला केबिनचे दिवे किती वेळ लावावे लागतील, गालिचावरून ट्रॉल्या जाऊन ती घासू नये म्हणून कवच कसे असावे, कवच घातल्यावर प्रकाश कमी होतो त्याचे काय, या प्रश्नांच्या एखाद्या अनपेक्षित उत्तरात खरा शोध असू शकतो. शोधकाला नेहमी मोठी कल्पना आपली वाटते. पेटंटला पात्र गोष्ट मात्र बहुधा तपशिलात दडलेली असते.

तुमच्या बाबतीतही तसेच. एवढ्या मोठ्या क्षमतेचे एलईडी लँडिंग लाइट ही जुनी गोष्ट नाही. 'पन्नास वर्षांत कोणी केले नाही' म्हणणे म्हणजे एलईडी नसतानाची वर्षे मोजणे. शिवाय विमानक्षेत्रात एक वेगळीच अडचण असते: प्रमाणन महाग असल्यामुळे लोक बदल करायला धजावत नाहीत. तंत्रज्ञान सुचले होते पण प्रमाणनाचा खर्च नको म्हणून केले नाही, असे असेल तर तो न सुचण्याचा पुरावा ठरत नाही. युरोपात हा फरक विशेष कसोशीने करतात: व्यापारी अडथळा वेगळा, तांत्रिक अडथळा वेगळा.

आता त्या फटीकडे येतो.

डी१चे वर्णन मी तुम्ही पाठवलेल्या प्रतीतून दोनदा वाचले. त्यात म्हटले आहे की बोर्ड आणि फिन्स यांच्यातला सांधा शक्य तितका घट्ट असावा, मध्ये थर्मल पेस्ट भरावी, हवेची फट राहू देऊ नये. यात आश्चर्य काही नाही. एलईडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हेच भिनलेले असते. एलईडी जितका थंड तितका तो जास्त प्रकाश देतो आणि जास्त टिकतो. मी पेटंटच्या कामात येण्याआधी काही वर्षे दिव्यांच्या चाचणी विभागात होतो; तिथे सांध्यातली फट सापडली की आम्ही तो नमुना नापास करायचो. जाणकाराचा हात तो सांधा आवळायला जातो. तुम्ही तो सैल केलात. तोही चुकून नव्हे. का केला ते तुमच्या चाचणीच्या वहीत आहे.

तुमच्या पहिल्या नमुन्यात फट नव्हती. हीट पाइपने काचेकडे उष्णता नेली होती आणि फिन्सही कायम जोडलेल्या होत्या. थंड कक्षात पंख्याचा झोत सोडल्यावर काच तापलीच नाही, कारण स्ट्रटवरच्या दिव्याच्या मागच्या फिन्सनाही तोच गार झोत लागत होता आणि त्या सगळी उष्णता ओढून घेत होत्या. म्हणजे डी१ आणि डी२ जसेच्या तसे जोडले की दिवा चालत नाही. हे वाक्य तुमच्या उत्तराचा कणा आहे. परीक्षक म्हणतो जाणकाराने दोन्ही जोडले असते. ठीक, जोडू द्या. तो पोचतो तुमच्या पहिल्या नमुन्यापाशी, जो नापास झाला. आता पुढे त्याने काय केले असते? हीट पाइप जाड केला असता, कड्यात छोटा विजेचा हीटर घातला असता, किंवा डी२सारखा पंखा लावायचा विचार करून हलते भाग नकोत म्हणून सोडून दिला असता. थंड झोतात एलईडीचा थंडावा तोडून टाकायचा, हे दोन्ही दस्तऐवजांत कुठेच नाही, आणि डी१ तर उलट सांगतो.

युरोपियन पेटंट कार्यालयात याच विचाराला 'करू शकला असता का' आणि 'केले असते का' यांतला फरक म्हणतात. शक्य असणे पुरेसे नाही; समोरची अडचण सोडवताना त्या दिशेने जायला त्याला कारण असले पाहिजे. जुने ज्ञान उलट दिशा दाखवत असेल तर त्याचे वजन किती, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ॲडम्सच्या बॅटरीच्या खटल्यात दाखवले. मॅग्नेशियम आणि क्यूप्रस क्लोराइड दोन्ही माहीत होते, पण जुन्या ज्ञानावरून जाणकार त्या वाटेला गेला नसता; सरकारी तज्ज्ञांचा तर आधी ती बॅटरी चालते यावरच विश्वास बसला नव्हता. पेटंट टिकले.

तरी तुम्हाला सावध करतो, कारण याच न्यायालयाने २००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालात दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली. तिथे मोटारीचे मागेपुढे सरकणारे पेडल होते आणि त्याला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडला होता. न्यायालय म्हणाले की जाणकार हा यंत्रमानव नसतो, त्याला साधारण कल्पकता असते. ज्ञात गोष्टी ज्ञात पद्धतीने जोडून अपेक्षित तेच फळ मिळत असेल, तर ते जोडा असे कुठे लेखी सांगितलेले नसले तरी ते सहज सुचण्यासारखे ठरू शकते. पेटंट गेले. विमानाच्याच क्षेत्रात २०२० साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट या पेटंटची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने बी/ई एअरोस्पेस विरुद्ध सी अँड डी झोडिॲक प्रकरणात असाच निकाल दिला. समोरच्या आसनाची तिरकी पाठ मावावी म्हणून विमानातल्या स्वच्छतागृहाच्या भिंतीला खोलगट आकार दिला होता, आणि आसनाच्या पायांसाठी खाली आणखी एक खाच होती. वरच्या आकारासारखा आकार जुन्या पेटंटमधल्या कपड्यांच्या कपाटाच्या भिंतीला होता; खालची खाच नव्हती. एका खाचेने जागा वाचते तर दुसरीनेही वाचेल, हे तज्ज्ञाच्या साक्षीसह मांडलेले व्यवहारज्ञान पुरेसे मानले गेले.

या दोन निकालांतून तुमच्यासाठी निघणारा प्रश्न असा: तुमचे फळ अपेक्षित होते का? फट ठेवली तर एलईडी तापेल, हे अपेक्षित होते. पण तो तापूनही सुरक्षित मर्यादेत राहतो, काच मोकळी राहते आणि वेगळी वीज, सेन्सर वा सॉफ्टवेअर लागत नाही, ही तिन्ही फळे एकत्र मिळणे अपेक्षित होते असे मला वाटत नाही. ते आकड्यांनी दाखवा. तीन नमुने, एकच थंड कक्ष, एकच झोत: कायम जोडलेल्या फिन्स, फिन्सशिवाय, आणि मेणाच्या स्विचसह. काच मोकळी व्हायला लागलेला वेळ आणि बोर्डाचे तापमान. मग चौथी चाचणी उलट टोकाची: मे महिन्यात विदर्भातल्या धावपट्टीवर उभ्या विमानाची परिस्थिती, झोत बंद आणि हवा ४५ अंश. तिथे स्विच जुळून बोर्ड वाचला पाहिजे. ही माहिती कलम ७९खाली शपथपत्रावर देता येते. चाचणी ज्याने प्रत्यक्ष केली त्यानेच शपथपत्र करावे.

कलम ३(एफ)चा आक्षेप अहवालात नाही, पण सुनावणीत येऊ शकतो. ज्ञात उपकरणे आपापले काम स्वतंत्रपणे, ठरल्या पद्धतीने करत असतील तर त्यांची नुसती मांडणी हा शोध नाही, असे ते कलम सांगते. युरोपच्या मार्गदर्शिकेत याचे जुने उदाहरण आहे: खिमा करणारे यंत्र आणि सॉसेज भरणारे यंत्र शेजारीशेजारी ठेवले तर शोध होत नाही. तुमच्या दिव्यात हीट पाइप आणि स्विच शेजारीशेजारी ठेवलेले नाहीत. स्विच मागची वाट बंद करतो म्हणून पुढची वाट उपयोगी पडते. एक काढला तर दुसरा निकामी. तीन नमुन्यांचा तक्ता हेच दाखवील, म्हणजे एकाच पुराव्यात दोन आक्षेपांना उत्तर.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकाल परीक्षक नक्की काढतील. भांडी घासून चकचकीत करण्यासाठी लेथवर धरण्याची ती पद्धत होती, आणि न्यायालयाने ती कारखान्यातली साधी सुधारणा ठरवली. त्याला घाबरू नका, पण त्यातला मुद्दा समजून घ्या: कारागिराने रोजच्या कौशल्याने केलेली दुरुस्ती पेटंटला पुरत नाही. तुमची फट रोजच्या कौशल्याच्या विरुद्ध जाते, हे दाखवणे म्हणूनच महत्त्वाचे.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. परीक्षकाने मेणाच्या स्विचसाठी दस्तऐवज दिलेला नाही, फक्त 'सर्वज्ञात' म्हटले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली ॲग्रिबोर्ड प्रकरणात सांगितले आहे की जुन्या दस्तऐवजात काय आहे, अर्जातला शोध काय आहे आणि तो जाणकाराला कसा सुचला असता, या तिन्ही गोष्टींची चर्चा केल्याशिवाय अर्ज असा फेटाळता येत नाही. हा मुद्दा लिहा, पण त्याच्यावर विसंबू नका, कारण जवळचे उदाहरण खरेच अस्तित्वात आहे. २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या नासाच्या रोव्हरांच्या बॅटरीला मेणावर चालणारे हीट स्विच होते. थंडीत बॅटरीची ऊब आत राहायची, तापली की स्विच जुळून उष्णता बाहेरच्या रेडिएटरकडे जायची. तर्क तुमच्यासारखाच दिसतो, आणि क्षेत्रही अवकाशाचे, म्हणजे दूरचे नाही. आज परीक्षकाला सापडले नाही म्हणून उद्या तुमचे पेटंट रद्द करायला निघालेल्या प्रतिस्पर्ध्याला सापडणार नाही असे नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एका अशिलाचे पेटंट असेच गेले. आम्हाला माहीत असलेल्या एका जुन्या यंत्रणेबद्दल आम्ही गप्प राहिलो, मंजुरी मिळाली, आणि विरोधकांनी तीच पुढे ठेवली तेव्हा अर्जात तिच्याशी फरक सांगणारे एकही वाक्य नव्हते.

म्हणून फरक आत्ताच ठरवा. रोव्हरमध्ये स्विच ज्या वस्तूची ऊब राखतो, तीच वस्तू जपायची आहे: बॅटरी थंडीत निकामी होते. एलईडीला थंडीचा काहीच त्रास नाही, उलट फायदा आहे. त्यामुळे एलईडीच्या मागे हीट स्विच बसवायचे कारण, आधी काचेसाठी ती उष्णता अडवून ठेवायचे ठरल्याशिवाय, जाणकाराला मिळत नाही. आणि ते ठरवायला फिन्स झोतात उष्णता चोरतात ही अडचण आधी लक्षात यावी लागते, जी तुमच्या नापास नमुन्यातून निघाली. अडचण ओळखणे हाच कधीकधी शोधाचा मोठा भाग असतो. इथे मला तसे वाटते.

माझा अंदाज सांगतो. पहिला क्लेम आहे तसा टिकणार नाही. त्यात हीट पाइप घातला तरी टिकणार नाही; हीट पाइप १९६०च्या दशकापासून आहेत आणि आज लॅपटॉपमध्येही असतात. काचेभोवतीचे कडे, हीट पाइप, फट आणि स्विच हे सगळे एकत्र आणून, 'ठरावीक तापमानाखाली बोर्ड फिन्सपासून तुटलेला आणि काचेच्या कड्याला जोडलेला राहतो' असे लिहिलेत तर आपल्याकडे तुमची बाजू चांगली आहे. युरोपात साधारण तितकीच. अमेरिकेत केएसआरमुळे थोडी कमी, आणि तिथे आकडे नसतील तर बरीच कमी.

बदल करताना कलम ५९ पाळावे लागेल. दुरुस्ती मूळ अर्जात उघड केलेल्या मजकुरातूनच निघाली पाहिजे, आणि दुरुस्त क्लेम मूळ क्लेमच्या कक्षेबाहेर जाता कामा नये. तुम्ही अरुंद करत आहात, त्यामुळे कक्षेची अडचण नाही. उघड केलेल्या मजकुराची मात्र खात्री करा: फटीचे वर्णन सातव्या पानावर आहे, पण ती कशासाठी ठेवली ते फक्त एका वाक्यात आहे, 'थंड हवेत फिन्सकडे उष्णता जाऊ नये म्हणून'. त्या एका वाक्यावर सगळे उभे आहे. उत्तराची मुदत अहवालाच्या तारखेपासून सहा महिने आहे, आणि ती संपण्याआधी अर्ज केल्यास आणखी तीन मिळतात. थंड कक्षाच्या चाचण्यांना वेळ लागतो, म्हणून कक्ष या आठवड्यातच आरक्षित करा.

आणखी एक विचारायचे राहिले. अर्ज करण्यापूर्वी तुम्ही हा दिवा कुठल्या ग्राहकाला, उड्डाण क्लबला किंवा प्रदर्शनात दाखवला होता का? दाखवला असेल तर तारीख, समोर कोण होते, गुप्ततेचा करार होता का आणि दिवा उघडून आतली फट दाखवली होती का, हे मला आधी कळवा. नुसता पेटलेला दिवा दाखवला असेल आणि आतले काही उघड झाले नसेल, तर उत्तराचा मसुदा वर सांगितल्याप्रमाणे सुरू करता येईल.